मागची ओळ

"माज्या मागून कोन बोलते गं?"

गोमाबाय अर्ध्या ओळीत थांबली आणि तिनं हेडफोन ओढून काढला. अंबाड्यावरची अबोलीची वेणी पण त्याच्याबरोबर खाली आली.

काचेच्या अलीकडे मी आणि प्रणिता. पलीकडे गोमाबाय, लाकडी स्टुलावर. तिच्या मागे भिंत आणि भिंतीला स्पंज. तिसरं माणूस नव्हतं.

प्रणितानं दार उघडलं. "आजी, कोणी नाहीये. तुझाच आवाज आहे तो."

"मना येडी समजतेस? मी ओळ घेतली का ती लगेच घेते. माजी पुरी होऊन देत नाय. कोन बाई हाय तिला सांग, आदी ऐकायचं, मंग घ्यायचं."

वेणी परत खोचली. हेडफोन परत चढवला. परत अर्ध्या ओळीत थांबली. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तिनं पान तोंडात टाकलं आणि प्रणिताला म्हणाली, "तुज्या पेटीला रीत नाय."

आता ही भानगड काय ते सांगतो.

आमच्या आगरी लग्नात धवलारीण लागते. भटजी नंतर, आधी ती. हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक कामाचं तिचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. धवला एकटीनं म्हणत नाहीत. एक बाई ओळ घेते. तिची ओळ पूर्ण झाली की दुसरी तीच ओळ मागून घेते. तेवढ्यात पहिली दम खाते आणि पुढची ओळ आठवते. आमच्या नेऱ्याकडच्या गावांत पहिली ओळ गोमाबायची आणि मागची माझ्या बायकोची, चंद्राची. पस्तीस एक वर्षं हे चाललं.

चंद्रा गेली त्याला तेव्हा नऊ महिने झाले होते. गोमाबायनं तेव्हापासून एक लग्न घेतलं नव्हतं. लोक बोलवायला यायचे, ती सांगायची, गुडघा दुखतो. गुडघा तिचा वीस वर्षं दुखत होता.

प्रणिता तिची नात. मुंबईला साउंडचा कोर्स करून आली आणि करंजाड्याला बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यात स्टुडिओ काढला. विमानतळ येणार, विमानतळ येणार म्हणून तेव्हा सगळी पोरं प्लॉट आणि गाड्यांच्या मागं होती. हिनं माइक घेतला. तिला आजीचे सगळे धवले भरून ठेवायचे होते. कारण ते पूर्ण पाठ असलेली गोमाबाय एकटीच उरली होती आणि लिहिलेलं कुठंच नव्हतं. पण गोमाबायची अट. घरात लग्न नसताना धवला तोंडातून काढायचा नाही. प्रणिताच्या चुलतभावाची हळद परवावर आली होती, म्हणून ती तयार झाली. ते पण एकच दिवस.

"आज बसते. परत बोलवू नको. पुडचं लगीन मी बगीन का नाय, कोनाला ठावं."

म्हणजे आज झालं तर झालं.

मी तिथं कसा? मी चौथी शिकलेला माणूस. पनवेलात चाळीस वर्षं लाउडस्पीकर भाड्यानं दिले आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त केले. प्रणितानं सगळं सामान आणून जोडलं तर स्पीकरमधून नुसती घूंऽऽ. कोर्समध्ये ते शिकवलं नव्हतं. मी गेलो, बघितलं. कंप्युटर एका बोर्डावर, स्पीकर दुसऱ्या बोर्डावर आणि दुसऱ्या बोर्डाची अर्थिंगची वायर नुसतीच भिंतीत खुपसलेली. सगळं एका बोर्डावर आणलं, घूं गेली. प्रणिता म्हणाली, "काका, रेकॉर्डिंगच्या दिवशी पण या." मी म्हटलं येतो. घरी बसून करतो काय? भांडी एकाची किती होतात?

तिथंच मी तो डबा पहिल्यांदा बघितला. ऑडिओ इंटरफेस. नाव मोठं, डबा टिफिनएवढा. माइक आणि कंप्युटर यांच्यात बसतो. माइकमधून आवाज विजेच्या लहरीसारखा येतो, कंप्युटरला कळतात आकडे. डबा लहरीचे आकडे करतो आणि ऐकायच्या वेळी आकड्यांची परत लहर करतो. दुभाषी आहे असं समजा. माहितीपुस्तक इंग्रजीत. मला ते वाचता येत नाही, पण नॉब फिरवून बघता येतो. पहिल्या दिवशी मी हेडफोनची पिन स्पीकरच्या भोकात घातली आणि पाऊण तास डब्याला शिव्या दिल्या, हेही सांगून टाकतो.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी गोमाबाय आली ती तांदूळ, हळद आणि नारळ घेऊन. माइकच्या स्टँडपुढं कलश मांडला. माइकसमोर पॉप फिल्टर असतो, म्हणजे जाळीची गोल चकती, तोंडातली हवा माइकवर फाटकन आदळू नये म्हणून. तिनं ती बोटानं वाजवून बघितली. "चाळन कशाला लावलीस? गानं चाळून घेतेस काय?" मग ती बसली, गायला लागली आणि मागून बाई बोलायला लागली.

"काका, आजीला भास होतायत का?" प्रणितानं हळूच विचारलं.

मी म्हटलं, "आधी हेडफोन बघू, आजी मग बघू."

आत गेलो, हेडफोन घातला. हॅलो म्हटलं. कानात हॅलो आला, पण जरा मागून. मी लगेच ओळखलं. मैदानावर शेवटचा भोंगा लांब बांधला की बोलणाऱ्याला आपलाच आवाज उशिरा परत येतो आणि भलाभला पुढारी अडखळतो. हे तेच, फक्त भोंगा कानाला बांधलेला.

"लेटन्सी," प्रणिता म्हणाली आणि कपाळावर हात मारला. लेटन्सी म्हणजे उशीर. आवाज डब्यातून कंप्युटरमध्ये जातो आणि फिरून कानात येतो, त्याला लागलेला वेळ. कंप्युटर थेंब थेंब काम करत नाही. हंडा भरला की ओततो. त्या हंड्याला बफर म्हणतात. हंडा लहान केला तर उशीर कमी, पण प्रणिताचा लॅपटॉप जुना, त्याची धावपळ होऊन आवाजात तडतड यायची. म्हणून तिनं मोठा हंडा लावला होता.

"मग कंप्युटरला विचारायचंच कशाला?" मी म्हटलं. डब्यावर एक नॉब होता. डावीकडे फिरवला की माइकचा आवाज डब्यातल्या डब्यात सरळ कानात. उजवीकडे फिरवला की कंप्युटरमधून येईल तो. मधे ठेवला की दोन्ही. प्रणिताचा मधे होता. मी बाहेर येऊन तो पूर्ण डावीकडे नेला, परत आत जाऊन हॅलो म्हटलं, हॅलो जागच्या जागी आला. अर्ध्या फेरीचं काम. मी छाती काढून बाहेर आलो. मनात म्हटलं, चौथी पास.

गोमाबायनं ओळ घेतली. पहिली ओळ सबंध, शेवटपर्यंत. काय आवाज होता! ऐंशीची बाई. प्रणितानं माझा दंड दाबला.

ओळ संपली आणि गोमाबाय थांबली.

आम्ही वाट बघतोय. ती पण वाट बघतेय. मान जरा डावीकडे वळवलेली. चंद्रा तिच्या डाव्या हाताला उभी राहायची.

"म्हन की," ती म्हणाली.

कोण म्हणणार?

"आजी, पुढची ओळ घे ना," प्रणिता माइकवरून म्हणाली.

"मागची झाली नाय, पुडची कशी घेऊ?"

"मागची आपण नंतर टाकू. मी कंप्युटरवर कॉपी करीन."

"तू कर काय करायचं ते. मना आठवत नाय अशी." हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "मगाशी घाई करत होती, पन होती तरी. आता तिला पन घालवलीत."

प्रणिता आत जाऊन बसली, मी मागची ओळ घेते म्हणाली. दुसऱ्याच ओळीला शब्द चुकली. गोमाबाय म्हणाली, "उठ, लेकरा. तू पेटीच बग." मग माझ्याकडे वळली. "नारायना, तुला येतं?"

"मला येत असतं तर चंद्रानं घरात गायला दिलं असतं का?"

ती हसली, पण उठायला लागली. पिशवीत नारळ टाकला. अकरा वाजले होते. हाती आली होती एक ओळ. प्रणिता नुसती माऊस गोल गोल फिरवत राहिली.

मी म्हटलं, "बाय, नारळ खाली ठेव. प्रणिता, तो उशीर परत आण."

"काका?"

"आण. आणि वाढव. ओळीएवढा वाढव."

"काका, लोक लेटन्सी कमी करायला जीव टाकतात."

"लोकांच्यात धवलारीण नसेल."

तिनं मान हलवली, पण पोरगी हुशार, लगेच धरलं. बफर एवढा वाढत नाही म्हणाली, पण डिले लावता येतो. डिले म्हणजे मुद्दाम केलेला उशीर. पाहिजे तेवढे सेकंद आवाज धरून ठेवायचा आणि मग सोडायचा, तोही फक्त हेडफोनमध्ये. रेकॉर्डिंगमध्ये तो जात नाही, ते स्वच्छ राहतं. तिनं ती एक ओळ घड्याळ लावून मोजली, तेवढा डिले लावला.

"पण आजी प्रत्येक ओळ एवढीच थोडी घेईल? लांबली तर परत अंगावर येणार."

"ते मी बघतो," म्हटलं, दुसरा हेडफोन कानाला लावला आणि नॉबवर हात ठेवला.

हे जरा सांगायला पाहिजे. लग्नात मी एकच माइक द्यायचो आणि तो गोमाबायपुढं. चंद्रा हातभर लांब. तिची ओळ मंडपात पोचायची नाही. मग तिची पाळी आली की मी ॲम्प्लिफायरचा आवाज चढवायचा, गोमाबायची आली की उतरवायचा. नाही उतरवला तर भोंगा किंचाळणार. पस्तीस वर्षं हेच. मला धवल्याचा एक शब्द येत नाही. पण ओळ कुठं पडते आणि दुसरी कुठं उचलते ते हाताला ठाऊक आहे. जगाचे आवाज टेप केले मी, पुढाऱ्यांचे, कीर्तनकारांचे, साखरपुड्यात रडणाऱ्या मामांचे. बायकोचा केला नाही. रोजच तर होती घरात.

गोमाबायनं ओळ घेतली. नॉब डावीकडे, तिचा आवाज तिच्या कानात जागच्या जागी. ओळ पडली. नॉब उजवीकडे. मागची ओळ आली, सावकाश, तिच्या वेळेला. गोमाबायनं डोळे मिटले, दम घेतला. मागची पडली. नॉब डावीकडे. तिनं पुढची उचलली.

दुपारी भाकरी खायला तेवढे उठलो. हळद दळायचा झाला, चुनाचा, म्हणजे तांदळाच्या पिठाचा झाला, तेलाचा, नवरी निघायचा झाला. कुठं ओळ लांबली, कुठं ती मधेच खोकली, मी नॉब धरून होतो. एकदा मला डुलकी लागली आणि मागची बाई गोमाबायच्या अंगावर आली. आतून आवाज आला, "नारायना! लग्नात पन असाच झोपायचास!" ते पण रेकॉर्ड झालं.

चार वाजता शेवटचा धवला संपला. गोमाबायनं हेडफोन काढला, वेणी सारखी केली, कलशातलं पाणी दाराबाहेर कुंडीत ओतलं. मग माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"ती चंद्री नव्हती ना?"

"नाही."

"मीच होते."

"हो."

"पयल्या ओळीलाच कळलं मना. चंद्री जरा नाकात बोलायची."

"बोलायची," मी म्हटलं. कबूल करायला काय जातंय?

"पन उचलायची तिच्याच जागेवर. ते कोनी केलं?"

मी नॉबकडे बोट दाखवलं. तिनं वाकून तो नीट बघितला, भाजीतलं वांगं बघावं तसा, आणि म्हणाली, "बरी हाय पेटी. आता तिला रीत आली."

दोन दिवसांनी हळद झाली. तिथं गोमाबाय गायला उभी राहिली आणि मागची ओळ घ्यायला प्रणिता. शब्द चुकत होती, पण उभी होती.

रेकॉर्डिंगचं पुढचं सांगतो. ऐकलं तर प्रत्येक ओळीनंतर एका ओळीएवढी मोकळी जागा. कारण मागची ओळ फक्त हेडफोनात होती. प्रणिता म्हणाली, या गॅप कापून टाकू, नाहीतर ओळ उचलून तिथं कॉपी करू. मी म्हटलं, हात लावायचा नाही. ज्या बाईला येईल तिनं तिथं म्हणावं. तशीच सीडी काढली. नेऱ्याकडं हळदीच्या घरांत बायका ती लावतात आणि मागची ओळ स्वतः घेतात. असं बऱ्याच जणींना पाठ झालं.

धंद्यात नवीन असलेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे. अर्थिंग आधी तपासा. हेडफोनची पिन हेडफोनच्याच भोकात घाला. आणि उशीर कमी करण्याआधी गाणाऱ्याला विचारा, त्याला तो पाहिजे का.

एक सीडी माझ्याकडं आहे. लावतो. ओळ पडली की हात आपोआप जातो आणि मी आवाज चढवतो. ऐकायला तिथं काही नाही, बंद खोलीची बारीक सरसर तेवढी येते. प्रणिता म्हणते, काका, त्यानं नुसता नॉइज वाढतो.

वाढू दे. पुढची ओळ आली की उतरवतो.