बसलेल्या प्रेक्षकांचे पाय

रिहर्सलला दहा मिनिटं झाली असतील. यारीने गाणं अर्ध्यावर सोडलं, कानातले इअरफोन काढले आणि माझ्या टेबलावर आणून ठेवले. यारी फिनलंडच्या एका हेवी मेटल बँडचा गायक. वीस वर्षं स्टेजवर काढलेला माणूस.

"हे लोक कुठे आहेत?" त्याने विचारलं.

चूक माझी होती. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या त्या हॉलमध्ये मी मॉनिटर इंजिनीयर होते. प्रेक्षकांना काय ऐकू येतं ते दुसरा बघतो, स्टेजवरच्यांना काय ऐकू येतं ते मी. त्यांच्या कानात गच्च बसणारे छोटे स्पीकर असतात. बाहेरचं काही कळत नाही, म्हणून प्रेक्षकांकडे तोंड करून माइक लावायचे आणि त्यांचा गोंधळ थोडा कानात सोडायचा. पण दिवस कोविडचे. संध्याकाळी हॉल बंद, म्हणून शो भर दुपारी. खुर्च्यांमध्ये दीड मीटर. उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही. मेटलच्या शोमध्ये! मग मी शहाणपणा केला आणि त्यांच्याच जुन्या शोच्या रेकॉर्डिंगमधला गर्दीचा आवाज यारीच्या कानात सोडला. पुण्यात नाटकांना साउंड द्यायचे तेव्हा कुत्र्यापासून भोंग्यापर्यंत सगळं असंच वाजवलं होतं.

यारी चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे सांगितलं, की दीड वर्षातला हा पहिला शो. ड्रमर सध्या ट्रक चालवतो, गिटारवाल्याला शाळेत नोकरी मिळते आहे. आज जमलं तर नवा अल्बम, नाहीतर बँड बंद.

"जुन्या गर्दीसाठी मला गायचं नाही," तो म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी प्रॉडक्शन मॅनेजर मार्लूसला गाठलं. डच बाई, नियमाची पक्की.

"बसल्या बसल्या पाय आपटायला बंदी आहे का?"

तिने नियमांचा कागद काढला. दोनदा वाचला. "पायांबद्दल काही लिहिलेलं नाही."

"मग?"

"मग चालेल."

मी तिला मिठीच मारणार होते, पण दीड मीटर आठवलं. आमच्याकडची बैठक म्हणजे लोखंडी सांगाड्यावर चढत गेलेल्या लाकडी पायऱ्या. ड्रमचे दोन जादा माइक घेऊन मी त्याखाली रांगत गेले आणि फळ्यांना लागून बसवले. मार्लूसने प्रत्येक खुर्चीवर चिठ्ठी ठेवली: ओरडू नका, पाय वापरा.

पहिल्या गाण्याला कोणी हललं नाही. काळे टी-शर्ट घातलेली धिप्पाड माणसं परीक्षेला बसल्यासारखी बसली होती. दुसऱ्या गाण्यात मागच्या रांगेतून ठोके सुरू झाले, मग पुढची रांग, मग सगळी बैठक. यारीने दचकून माझ्याकडे पाहिलं. कानाकडे बोट नेलं आणि ते वर केलं. आमच्या भाषेत याचा अर्थ, वाढव. मी वाढवलं. त्याने पुन्हा बोट वर केलं. मागे ड्रमर हसत हसत बडवत सुटला होता. मला रडू आलं, पण आवाज वाढवायच्या फेडरवरचं बोट सोडलं नाही.

शो संपल्यावर यारी फक्त एवढंच म्हणाला, "पुढच्या टूरला येशील?"

अल्बम झाला. गिटारवाल्याने शाळेला नकार कळवला. टूरला मी गेले.

तेव्हापासून कलाकाराला बरं वाटावं म्हणून मी खोटं काही वाजवत नाही. जे आहे, त्याच्या खाली माइक लावते.