दवाखान्यामागची खोली

आईला कमी दिसायला लागलंय हे आम्हाला उशिरा कळलं, कारण ती ते कुणाला कळू देत नव्हती. तांदळात खडे राहायला लागले, तर म्हणायची, यंदा तांदूळच तसा आहे. मग एक दिवस कॅम्पात भाजी विकून परतताना ती रुळांकडेच्या खडीत पडली आणि गुडघे फोडून घरी आली. बाबांनी तिला ओटीवर बसवलं आणि विचारलं, "माझं तोंड दिसतंय का तुला?"

"दिसतंय की," ती म्हणाली. "धुरातून बघितल्यावाणी."

आमचं घर बदलापूरला मांजर्लीत, नदीच्या अंगाला. पावसाळ्यात भात आणि नंतर गाळाच्या जमिनीत वांगी, मुळा, पालेभाजी. ती भाजी आई पाटीत घालून उल्हासनगरला न्यायची. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची ती वस्ती. उल्हासनगर हे नाव तेव्हा नवं होतं, आम्ही सगळे कॅम्पच म्हणायचो. आईचं पाटी नेणं बंद झालं आणि ती माझ्या डोक्यावर आली. त्याबरोबर पाणी, चूल, गुरं आणि धाकटे दोन भाऊही आले. मी सातवी पास होऊन घरी बसले होते, सतरा वर्षांची होते. असं वर्ष दीड वर्ष चाललं. आपण दमलो आहोत असं माझ्या मनातही येत नव्हतं. सगळ्यांच्या मुली तेच करत होत्या.

अंबरनाथच्या डॉक्टरांनी डोळे बघून सांगितलं, मोतीबिंदू आहे, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्या. बाबा जाऊन आले. एका डोळ्याचं ऑपरेशन फुकट होणार होतं. पण नंतर दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून आईला उताणं निजून राहावं लागणार होतं, मानही हलवायची नव्हती. भरवायला घरचं माणूस हवं, आणि ते बाईमाणूस हवं. वॉर्डात दिवसा बसता येईल, रात्री नाही.

"मग रात्री मी कुठं जाऊ?" मी विचारलं.

बाबांचा एक चुलतभाऊ मुंबईला गिरणीत होता. बाबा त्याच्या खोलीवर गेले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. "तिथं बाईमाणसाची सोय न्हाय," ते म्हणाले. "एका खोलीत पाळ्यापाळ्यानं झोपतात. माझ्यासमोर एक उठला आणि त्याच्याच वळकटीवर दुसरा आडवा झाला. भाऊ लाजला बिचारा."

मग मी अंबरनाथला पश्चिमेला गेले. तिथे कारखान्यातल्या एका साहेबांच्या घरी आम्ही भाजी घालायचो. त्यांची बायको मुंबईत वाढलेली. तिने मला पायरीवर बसवून सगळं विचारून घेतलं. मुंबईला स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत तीन दिवसांवर ठेवत नाहीत आणि एकट्या मुलीला तर उभंच करत नाहीत, असं ती म्हणाली. लॉज होते, पण तिथे माझ्यासारखीने जाऊ नये. तिच्या मावशीचं घर दादरला होतं. ते सुचवावं असं तिच्या मनात आलं असावं, कारण ती बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "पण ते दवाखान्यापासून फार लांब पडेल गं तुला." मी हो म्हटलं. आमच्यासारख्यांना त्या घरात ठेवणं अवघड आहे हे तिला दिसत होतं आणि मलाही.

जागा मिळाली ती कॅम्पात. एका बराकीत पडदे लावून तीन कुटुंबं राहायची. त्यांतली एक सिंधी बाई आईची जुनी गिऱ्हाईक होती. ती आईला अदी म्हणायची, म्हणजे ताई. आई का येत नाही, असं ती मला रोज विचारायची. ऑपरेशनचं सांगितलं तशी तिने हातातला मुळा खाली ठेवला. "मेरी बडी बहन है मुंबई में," ती म्हणाली. "उसी दवाखान्याच्या पीछे. अकेली है. तू वहाँ रह." मग पैशांबद्दल मी विचारण्याआधीच तिने सांगितलं ते आमच्या आवाक्यातलं होतं. शिवाय बाबा भेटायला येतील तेव्हा वांगी आणायची. मुंबईची वांगी तिच्या बहिणीला पसंत नव्हती.

कार्तिकात, भाताची कापणी सुरू असताना, आम्ही गेलो. बाबांनी आईला खाटेवर पोचवलं, मला त्या मोठ्या बहिणीच्या हवाली केलं आणि लगेच परत फिरले. शेतात भात उभं होतं.

तिला मी मासी म्हणायला लागले. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून दवाखान्याची कौलं दिसायची, जिना उतरून गल्ली ओलांडली की वॉर्ड. खोलीत एक पलंग, एक शिवणयंत्र, भिंतीवर देवाचं चित्र. कोपऱ्यात मोरी आणि मोरीत नळ. पहिल्या सकाळी मी सवयीने अंधारात उठले आणि कळशी शोधायला लागले. मासी पलंगावरूनच म्हणाली, "सो जा बेटा. पाणी येतंय नळाला. कहाँ जाएगी?"

मी परत आडवी झाले. झोप लागली नाही, पण पडून राहिले. एवढं उजाडेपर्यंत मी कधी पडून राहिले नव्हते.

मासीने चहा केला आणि कप माझ्या हातात दिला. दुपारी मी आईला भरवून आले की तिने माझं ताट वाढून ठेवलेलं असायचं. मी वाढून घ्यायला उठले तर ती माझा खांदा दाबून खाली बसवायची. समोर बसून आणखी एक रोटी टाकायची. घरी मी सगळ्यांच्या नंतर, चुलीपाशी, उरलेलं जेवत होते. मला वाढणारं कुणी नव्हतं, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती. मासीच्या घरी पहिल्यांदा जेवताना मला रडू आलं. तिला वाटलं मला आईची काळजी लागली आहे. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मी तिचा तो समज तसाच राहू दिला.

संध्याकाळी ती मशीनवर बसायची. दिव्याच्या उजेडात मला टाके दाखवायची. एकदा तिने मला ट्रामने समुद्रावर नेलं. वाळूत बसून ती तिच्या गावाबद्दल बोलत होती, जे आता दुसऱ्या देशात गेलं होतं. मला तिचं निम्मंच कळत होतं. वारा केसांत जात होता, कुणी हाक मारत नव्हतं, काही करायचं राहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटत होतं की मी मनातल्या मनात म्हटलं, हे असंच चालू राहू दे. आणि त्याच क्षणी मला आई आठवली. खाटेवर सरळ निजलेली, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळे बांधलेले. तिचं दुखणं चालू होतं म्हणून माझं हे चालू होतं.

दुसऱ्या दिवशी आईला पेज भरवताना मी मुद्दाम कमी बोलले. आईने विचारलं, "राहायला बरं हाय ना गं तिथं?"

"ठीक आहे," मी म्हटलं. "कशीबशी रात्र काढायची."

पट्टीमुळे तिचा चेहरा मला वाचता येत नव्हता.

रविवारी बाबा वांगी घेऊन आले. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, बुधवारी सोडू. बाबांनी ठरवलं की मासी आम्हाला दुपारच्या गाडीत बसवून देईल आणि ते बदलापूरला बैलगाडी घेऊन येतील. आईला चालवायचं नव्हतं.

मंगळवारी फेरीला एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी आईचा डोळा बघितला, नवी पट्टी बांधली आणि माझ्याकडे वळले. "डोळा छान आहे. उद्या जाता येईल. पण तुम्हाला लांब जायचंय, गाडीचे धक्के लागणार. आणखी दोन दिवस ठेवायचं असेल तर खाट आहे. तुम्ही सांगाल तसं."

आई घरी जायला किती आतुर झाली होती ते मला माहीत होतं. सकाळपासून ती मोठ्या गाईचं, भाताचं, धाकट्याच्या खोकल्याचं बोलत होती. मी म्हटलं, "ठेवा दोन दिवस."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. मी आईला म्हटलं, "धक्क्यांनी टाका निघाला तर काय करायचं?" ते खोटं नव्हतं. पण डॉक्टरांना हो म्हणताना मी टाक्याचा विचार केला नव्हता. मला खिडकी आणि नळ आणि मासीने वाढलेलं ताट आठवलं होतं.

"बरं केलंस," आई म्हणाली.

बाबांना कळवायचं कसं, हा प्रश्न मला रात्री जेवताना पडला. तोवर काही करता येण्यासारखं राहिलं नव्हतं. निरोप न्यायला माणूस नव्हता. मासी म्हणाली, ते समजून घेतील. मीही तसंच धरून चालले आणि ते दोन दिवस काढले. पण पहिल्यासारखी मजा त्यांत राहिली नाही.

शुक्रवारी दुपारी आम्ही बदलापूरला उतरलो. फाटकापाशी शेजाऱ्यांची बैलगाडी उभी होती. गाडीत पेंढा, पेंढ्यावर आमची गोधडी. बाबा जुवाजवळ उकिडवे बसले होते. मला वाटलं, त्यांना कसं कळलं आज येणार ते. मग धाकटा भाऊ पुढे आला आणि म्हणाला, "बुधवारपासून बाबा रोज येऊन बसतात. दिवे लागेपर्यंत."

कापणीच्या दिवसांत गाडी मागून आणणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. शेजाऱ्यांचे भारे शेतात पडून राहिले होते. आमचेही. बाबांनी विचारलं एवढंच, "काय झालं, डोळा बिघडला का?"

मी गोधडी सारखी करायला वाकले. आईच म्हणाली, "डॉक्टर सोडीनात. त्यांनीच ठेवून घेतलं."

बाबांनी मान हलवली आणि तिला उचलून गाडीत निजवलं. मी मागून चालले. डॉक्टरांचा प्रश्न आणि माझं उत्तर, दोन्ही आईने ऐकलं होतं. ती खाटेवर जागी होती.

पुढे काही दिवसांनी, ती चुलीपाशी बसून मला कालवणाला काय घाल ते सांगत होती, तेव्हा मी विचारलं, "बाबांना असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? तुला तिथं बरं वाटत होतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? तू हसायला लागली होतीस. घरात कधी हसल्याचं मला आठवत न्हाय." मग ती म्हणाली, "माझे डोळे गेले नि तुझ्यावर सगळं आलं. मला का कळत नव्हतं?"

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

महिन्याभराने चष्म्यासाठी परत जायचं होतं. आईच म्हणाली, मासीकडे एक रात्र राहू, मलाही तिला बघायचं आहे. मी नको म्हटलं. सकाळी जाऊ, संध्याकाळी येऊ, उगाच कुणाला त्रास कशाला. मला वाटत होतं, आता मी बरोबर वागते आहे. आईने दोनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून आणि उलटसुलट प्रवास करून ती इतकी दमली की रात्री तिला ताप भरला. चार दिवस ती अंथरुणावर होती. मासी गल्लीच्या पलीकडेच राहत होती. तिला आम्ही आलो होतो हेही कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात कॅम्पात भाजी घेऊन गेले तेव्हा तिच्या बहिणीने विचारलं, "चष्मा मिळाला अदीला? बहन पूछती थी, केव्हा येणार."

मी म्हटलं, "मिळाला." आणि पाटीतली चांगली चांगली वांगी निवडून तिच्यापुढे ठेवायला लागले.