बाबांचा आवाज आणि जुनी डिस्क

लहानपणी ती घडीभर एका जागी बसायची नाही, म्हणून घरात तिचं नाव पडलं भिंगरी. व्हिडिओ एडिटिंग शिकायला लागली तरी ते काही सुटलं नाही. तिचे बाबा बसस्थानकावर उद्घोषक होते. काचेच्या खोलीत बसून सव्वीस वर्षं त्यांनी गाड्या पुकारल्या. आवाज असा भरदार की भांडणारी माणसंही मध्येच थांबून कान टवकारायची.

त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनला तीन आठवडे होते.

भिंगरीनं कॉलेजचा कॅमेरा मागून आणला आणि बाबांना खिडकीपाशी बसवलं.

"बोला."

"अगं, काय बोलू?"

"काहीही."

मग ते बोलत सुटले. लग्नाआधी आईला एकदा भलत्याच गाडीत कसं बसवलं, तेही सांगितलं. "चुकून नव्हे हो, मुद्दाम!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. बाबांचा आवाज बसत चालला होता, तरी ते रोज तासभर बोलायचेच.

एवढं चित्रण भिंगरीच्या जुन्या लॅपटॉपला झेपेना. शिष्यवृत्तीचे पैसे आले होते. ती बाबांना घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानवाल्या बाईंनी कागदावर सगळं मांडून दिलं.

"प्रोसेसर बरा घे, रॅम भरपूर घे. ग्राफिक्स कार्ड साधं चालेल. पण डिस्क नव्या घे, आणि दोन घे. एकीवर काम कर, दुसरीवर नक्कल ठेव."

भिंगरीचा जीव मात्र मोठ्या कार्डात अडकला होता. वर्गातल्या सगळ्यांकडे तेच होतं.

"डिस्क सध्या एकच द्या. वापरलेली असली तरी चालेल. दुसरी नंतर घेईन."

"त्यांचं ऐक, बाळ," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"तुम्हाला यातलं काय कळतंय, बाबा!"

बाबा हसले.

चित्रण तिनं त्या डिस्कवर उतरवलं. कॅमेऱ्यासाठी दुसरी मुलं खोळंबली होती, म्हणून आतलं सगळं पुसून तो परत केला. ऑपरेशन झालं. बाबा घरी आले, गळ्याशी भोक आणि हातात पाटी घेऊन. भिंगरी कामाला लागली. मशीन वाऱ्यासारखं पळत होतं.

दहाव्या दिवशी सकाळी डिस्क टकटक करायला लागली, आणि दुपारपर्यंत मशीनला ती दिसेनाशी झाली. दुकानवाल्या बाईंनी ती बिघडलेल्या डिस्क उघडून आतलं परत काढणाऱ्या माणसाकडे धाडली. आठवड्यानं बाई एवढंच म्हणाल्या, "काही निघालं नाही गं." एका शब्दानंही त्यांनी तिला टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

बाबांपुढे जाऊन ती उभी राहिली. "बाबा, सगळं गेलं. माझ्यामुळे गेलं."

त्यांनी पाटीवर लिहिलं, 'मला सगळं आठवतंय. विचार, लिहून देतो.' तिला हुंदका आवरेना. ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांच्या तोंडून नुसती हवा येत होती.

कुणाकडे बाबांचा आवाज टेप केलेला असेल म्हणून ती बसस्थानकावर गेली. कुणाकडेच नव्हता. रोज कानावर पडणारी गोष्ट कोण जपून ठेवतो? काचेच्या खोलीत आता यंत्र बोलत होतं. बाबांच्या ओळखीचे एक म्हातारे ड्रायव्हर म्हणाले, "थांब पोरी, मी करून दाखवतो." त्यांनी छाती फुगवली आणि अगदी बाबांसारखी गाडी पुकारली. आजूबाजूचे खदखदून हसले, "हुबेहूब!" म्हणाले.

"नाही काका, तसा नव्हता," भिंगरी म्हणाली.

"मग कसा होता गं?"

तिनं आठवून पाहिलं. शब्द सगळे आठवत होते, आईच्या गाडीचा किस्साही जसाच्या तसा. पण मनात ऐकू येत होता तो तिचा स्वतःचाच आवाज. ती तिथल्या बाकावर बसली. दोन गाड्या सुटून गेल्या तरी तिला उठता आलं नाही.