शेवटच्या वर्तुळात शाल आणि श्रीफळ

तारखा आधी देतो आणि प्रत्येक तारखेपुढे जबाबदार व्यक्ती. सौंसरच्या न्यायालयात पेशकार म्हणून, न्यायाधीशांपुढे फायली ठेवण्यात, आयुष्य घालवलेल्या माणसाला दुसऱ्या कोणत्याही रीतीने लिहिण्यास आरंभ करता येत नाही.

गेल्या वर्षीच्या पोळ्याचा दुसरा दिवस. आमचे अर्धे पांढुर्णा गाव गोटमार, म्हणजे दोन काठांवरच्या लोकांची दगडफेक, पाहायला नदीकडे गेलेले असताना आमच्या घरात मोठ्या पडद्याचा मोबाइल दाखल झाला. जबाबदार, नागपूरला नोकरी करणारा माझा चिरंजीव. त्याने तो आपल्या पत्नीस भेट दिला आणि त्यात एक लढाईचा खेळ स्वतःच्या हाताने भरून दिला.

त्याच वर्षीचा दसरा. शस्त्रपूजेच्या पाटावर विळा आणि कुऱ्हाड यांच्या शेजारी तो मोबाइल ठेवून त्यास हळदकुंकू वाहण्यात आले. जबाबदार, माझी धर्मपत्नी.

संक्रांत. आमच्या घरचे हळदीकुंकू दिवेलागण झाली तरी संपेना, कारण वाण घेऊन बायका घरी जाण्याऐवजी मोबाइलभोवती कोंडाळे करून बसल्या होत्या. जबाबदार, शेजारच्या शिवणकामवाल्या वहिनी.

यंदाच्या गणेशोत्सवात विसर्जनाचा आदला दिवस. जबाबदार, आमच्या वॉर्डाच्या मंडळाचे अध्यक्ष. पहिल्या तिघांविरुद्धची माझी तक्रार मी मागे घेतलेली आहे. या चौथ्या इसमाविरुद्ध ती कायम आहे, आणि हा सारा मजकूर तिच्याच पुष्ट्यर्थ आहे.

मला हे प्रकरण कसे कळले ते प्रथम सांगतो. संक्रांतीनंतरच्या एका दुपारी जेवून मी ओसरीत आडवा झालो होतो. वाकड्या झालेल्या पथदिव्याबाबत नगरपालिकेस पाठवायच्या स्मरणपत्राचा मसुदा मनात जुळवीत होतो. एवढ्यात आतल्या खोलीतून सूनबाईंचा आवाज आला, ‘‘छतावर दोघं हायेत! आई, छतावर पाहा!’’ त्यावर माझ्या पत्नीचा, ‘‘दिसले मले. एकाले पाडतो, थांब!’’

मी काठी घेतली आणि जिन्याने थेट गच्चीवर गेलो. तेथे वाळत घातलेल्या मुगवड्या आणि त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेले एक वानर, याखेरीज कोणीही नव्हते. धापा टाकीत खाली आलो आणि आतल्या खोलीचे दार उघडले. सूनबाई, पत्नी आणि शिवणकामवाल्या वहिनी अशा तिघी सतरंजीवर पाय पसरून बसलेल्या, प्रत्येकीच्या हाती मोबाइल, कानात तारा. मला पाहताच सूनबाई ताडकन उठल्या, मोबाइल सतरंजीवर टाकला आणि डोक्यावर पदर घेतला.

‘‘गेली!’’ पत्नी ओरडली. ‘‘मारली न तिले! तुम्ही कायले आले मधातच?’’

‘‘कोणाला मारले?’’

‘‘तुमच्या सुनेले. उभी राहिली ना तुमच्यापायी!’’

घरात मृत व्यक्ती कोणीच नव्हती. सूनबाई पदर सावरीत उभ्या होत्या. सतरंजीवरच्या मोबाइलमध्ये मात्र हिरव्या गणवेशातला एक सैनिक पालथा पडलेला होता.

या खेळाचे स्वरूप, ज्यांस माहीत नाही त्यांच्यासाठी, थोडक्यात असे. चौघांचा एक संघ. सर्व संघ एका ओसाड मुलखात उतरतात, आजच्या फौजेकडे असतात तसल्या बंदुका शोधतात आणि एकमेकांवर चालून जातात. भोवती एक वर्तुळ असते, ते हळूहळू आवळत येते, म्हणून कोणालाही कोपऱ्यात लपून सुटता येत नाही. सोबती जखमी होऊन पडला तर दुसऱ्याने धावत जाऊन त्यास उचलायचे असते. आमच्या घरच्या संघातली चौथी खेळाडू सूनबाईंची धाकटी बहीण. ती सौंसरला शाळेत शिकवते आणि तिथूनच फोनवर यांच्यात सामील होते.

मी त्याच सायंकाळी चिरंजिवास फोन लावून खडसावले. ‘‘घरातल्या बायकांच्या हाती बंदुका देतोस? सभ्य घर आहे हे.’’ उत्तर त्याने द्यायच्या आत पत्नीने स्वयंपाकघरातून दिले. ‘‘गावातले मरद दरसाल खरे गोटे मारतेत, डोके फोडून घेतेत, ते चालते. आम्ही खोट्या बंदुका चालवल्या का सभ्यपणा बाटला? सांगा कायद्यानं!’’

हरकत फेटाळली गेली, असे मी मनाशी नोंदवले.

त्यानंतर मी पाहू लागलो. देखरेख म्हणून पाहू लागलो, असे माझे म्हणणे होते. पत्नीच्या मते मला चटक लागली होती. दोन्ही म्हणणी अभिलेखावर राहू द्यावीत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला लांबचे लख्ख दिसते, आणि तिचे बालपण माहेरच्या संत्र्याच्या बागेत वानरे राखण्यात गेलेले. ती गवतात पालथी पडून राही. बाकीचे धावपळ करीत असता ही हलत नसे. ‘‘वानर पहिल्यांदा डोकं काढते, मंग हात काढते,’’ ती म्हणे, ‘‘डोकं काढलं का गोटा घालायचा.’’ शिवणकामवाल्या वहिनी शिरस्त्राणे, मलमपट्ट्या आणि गोळ्या अशा काटकसरीने वाटत, जणू ब्लाउजपिसातून अस्तरही काढून द्यायचे आहे. सूनबाई पुढे असत, सर्वांना दिशा सांगत. घरात हळू बोलणारी ही मुलगी तेथे अशा खणखणीत आवाजात आज्ञा सोडी की रस्त्यावरचा भाजीवाला थबकून ऐकत असे.

एकदा मी विचारले, ‘‘सूनबाई, यात तुम्हाला एवढे काय आवडते?’’

पदराचे टोक बोटाला गुंडाळीत त्या म्हणाल्या, ‘‘मामाजी, तिथं कोणी विचारत नाई, कुठं चालली, कोणासोबत चालली, केव्हा येशील. जाऊन राहिली तर जाऊन राहिली.’’ मग हसून म्हणाल्या, ‘‘अन् कोणी आडवं आलं तर मारता येते.’’

हे उत्तर मी बराच काळ डोक्यात वागवले. त्यात मला बेकायदेशीर असे काहीही आढळले नाही.

अडचण एकच होती, आणि ती मी स्वतः होतो. सूनबाईंचे माहेर रामाकोण्याचे. सासरा किंवा भासरा, म्हणजे थोरला दीर, समोर आला की उठून उभे राहायचे आणि डोक्यावर पदर घ्यायचा, ही त्या घरची रीत त्यांच्या हाडात मुरलेली. मी खोलीत पाऊल टाकले की त्या उठत, आणि त्या उठल्या की संघाचा पुढारी जागच्या जागी मारला जाई. जुन्या रिवाजाप्रमाणे मी दाराबाहेर खाकरून आत जाऊ लागलो, तर त्या खाकरण्यालाच उठू लागल्या. परिस्थिती अधिकच बिघडली. मी म्हणालो, ‘‘अहो, नका उठत जाऊ.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी नाई उठत मामाजी, पाय उठतात.’’ शेवटी मी मागच्या दाराने, चपला हातात घेऊन, स्वतःच्या घरात चोरासारखा ये-जा करू लागलो. शिवणकामवाल्या वहिनींनी ही गोष्ट वॉर्डभर केली. ‘‘आमच्या टीमचा सगळ्यात मोठा दुश्मन,’’ त्या ब्लाउज न्यायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगत, ‘‘बिना बंदुकीचा हाये. खाकरून मारते!’’ म्हणजे ही गोष्ट वॉर्डात सर्वांना माहीत होती. मंडळाच्या अध्यक्षांच्या घरचे ब्लाउजही त्यांच्याकडेच शिवले जातात. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

गणेशोत्सवात मंडळाने याच खेळाची स्पर्धा ठेवली. फलकावर लिहिले होते, ‘सर्वांसाठी खुली.’ सूनबाईंनी आपल्या संघाचे नाव नोंदवले. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष स्वतः आमच्या ओसरीवर आले.

‘‘काकाजी, तुमच्या घरच्या वहिनींचं नाव काढून घ्या बाप्पा. बायकांसाठी रांगोळी ठेवली आहे, संगीत खुर्ची ठेवली आहे.’’

‘‘फलकावर काय लिहिले आहे?’’

‘‘ते तर असंच लिहितात हो.’’

‘‘असंच!’’ मी म्हणालो, आणि येथे माझा संताप मस्तकात गेला. ‘‘सर्व म्हणजे कोण? माझी पत्नी सर्वांत येते की नाही? की वर्गणी मागायला आलात तेव्हापुरती येते?’’

आतून पत्नीचा आवाज आला, ‘‘चहा ठेवू का आधी, का भांडणच होऊ द्यायचं?’’

अध्यक्षांनी चहा घेतला आणि नाव कायम ठेवले. त्या वेळी ‘हा सामना केवळ प्रदर्शनीय असेल’ असा एक शब्दही त्यांनी उच्चारला नाही. फलकावरही तसे काही लिहिलेले नव्हते. विसर्जनानंतर फलक उतरवला जाईपर्यंत तो मी दररोज वाचत होतो.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी मंडपात पांढरी चादर ताणून तिच्यावर खेळ दाखवण्याची व्यवस्था केली होती. मागे गणपती, पुढे मंचावर खेळाडू, आणि खाली सारा वॉर्ड. सूनबाईंची बहीण सौंसरच्या बसने वेळेवर आली. पहिल्या रांगेत, अगदी मंचासमोर, मला आग्रहाने बसवण्यात आले. मी येणार नाही असे आधी म्हणालो होतो, कारण मी समोर असलो की काय होते ते ठाऊक होते. परंतु सूनबाई म्हणाल्या, ‘‘या मामाजी. मी तुमच्याकडे पाहणारच नाई.’’

आणि त्यांनी पाहिले नाही. अंतिम सामन्यापर्यंत आमचा संघ पोहोचला तेव्हा मागच्या रांगांतल्या बायका उभ्या राहून टाळ्या वाजवीत होत्या. समोर वॉर्डातल्या तरुणांचा संघ, गेल्या वर्षीचे विजेते. वर्तुळ आवळत आले. शिवणकामवाल्या वहिनी पडल्या. त्यांना उचलायला धावलेली सूनबाईंची बहीणही पडली. तिकडचेही दोघे गेले. उरले दोघे तरुण, आणि इकडे गवतात पालथी माझी पत्नी व एका पडक्या भिंतीआड सूनबाई.

नेमक्या त्या क्षणी ध्वनिक्षेपकावरून अध्यक्षांचा आवाज आला. ‘‘आता आपल्या वॉर्डाचे ज्येष्ठ मार्गदर्शक, आदरणीय काकाजी यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल. काकाजींना विनंती, त्यांनी तात्काळ मंचावर यावे.’’

पुकारा झाला की उठायचे, ही सवय मला न्यायालयाने लावलेली. मी उठलो. खुर्ची कर्रकन वाजली. सूनबाईंनी मान वर केली आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. डावा हात मोबाइल सोडून पदराकडे निघाला. चादरीवर त्यांच्या सैनिकाची बंदूक खाली झाली. भिंतीपलीकडचा तरुण ते पाहून मोकळ्यात धावत निघाला.

मी माझ्या आयुष्यात न्यायालयाबाहेर इतक्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो. ‘‘सूनबाई, बसून राहा! उठायचे नाही! ही माझी आज्ञा आहे!’’

मंडप हसू लागला. पत्नीने मोबाइलवरची नजर न हलवता म्हटले, ‘‘अन् तुम्ही बी बसा!’’

मी बसलो. सूनबाईही बसून राहिल्या. पदर खांद्यावरच राहिला. भिंतीकडे धावत सुटलेल्या त्या तरुणाने गवताकडे पाहिलेच नव्हते. तेथून पत्नीची गोळी सुटली आणि तो पडला. दुसऱ्याने गवताच्या दिशेने गोळ्या झाडल्या, पत्नी जखमी झाली आणि ओरडली, ‘‘मले उचलू नको, त्याले पाहा!’’ सूनबाईंनी भिंतीला वळसा घातला आणि त्याला पाहिले. संपले.

बायकांनी जो गलका केला त्यात बाप्पांच्या मागची विजेची माळ एका बाजूने निसटली, ती आजही तशीच आठवते. सूनबाई मंचावरून उतरून माझ्यासमोर आल्या, पदर घेतला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, ‘‘मामाजी, आता तर उठू द्या!’’

त्यानंतर अध्यक्षांनी चषक हरलेल्या संघास जाहीर केला. कारण दिले, महिलांचा सामना प्रदर्शनीय होता. शाल आणि श्रीफळ मी घेतले नाही. हरलेल्या संघाच्या कप्तानानेही चषक घेतला नाही, हे त्याच्या सन्मानार्थ नोंदवतो. तो पत्नीस एवढेच म्हणाला, ‘‘काकू, गवतात इतका वेळ हलत कशा नाई तुम्ही? सांगा ना.’’ आता तो रविवारी शिकायला येतो आणि मुगवड्या खाऊन जातो. चषक मंडळाच्या कपाटात बेवारस पडून आहे.

मी अध्यक्षांस पत्र लिहिले. उत्तरादाखल त्यांनी प्रसादाचे मोदक पाठवले. प्रसाद नाकारू नये म्हणून आम्ही ते खाल्ले, चांगले होते. परंतु उत्तर म्हणून ते स्वीकारलेले नाहीत.

सबब माझी मागणी अशी. शारदोत्सवात त्याच मंडपात, त्याच ध्वनिक्षेपकावर, साऱ्या वॉर्डासमक्ष अध्यक्षांनी उभे राहून सांगावे. संपूर्ण उत्सवात सत्कारासाठी शेवटच्या वर्तुळाचाच क्षण का निवडला, आणि तो कोणी सुचवला? ‘सर्वांसाठी खुली’ हे शब्द प्रदर्शनीय केव्हा झाले, आणि कोणाच्या सहीने? चषक कपाटातून बाहेर केव्हा येतो?

मी पहिल्या रांगेत असेन. सूनबाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर असतील, आणि अध्यक्षांचे उत्तर त्या बसून ऐकतील.