नाकाची परीक्षा

“मॅडम, आता येतोय का वास?”

परबकाकांनी हे अकराव्यांदा विचारलं, तेव्हा मी त्यांच्या कपाटामागे डोकं घालून बसले होते. त्यांचा स्वतःच्या नाकावर भरवसा नव्हता. माणिकपूरच्या या वन बीएचकेमध्ये त्यांनी तीस वर्षं सिगरेट ओढली होती. नात झाली त्या दिवशी त्यांनी सिगरेट सोडली. घराने मात्र सोडली नव्हती.

सून सायली बाळंतपणाला विरारला माहेरी गेली, ती बाळाला सातवा महिना संपला तरी तिकडेच. तिचे वडील सावंतसाहेब ठाम होते. “त्या धुरकट घरात माझी नात पाऊल टाकणार नाही.” नातीला अजून पाऊल टाकता येत नव्हतं, पण नात आजोबांच्या घरी एक रात्रही झोपली नव्हती हे खरं.

मी बारा वर्षं डीप क्लीनिंगची कामं घेते. लोकांना वाटतं, वास हवेत असतो. तो भिंतीत असतो. सिगरेटच्या धुरात टार असतं, म्हणजे डांबरासारखा चिकट पदार्थ. भिंत, पंखा, पडदे, जे सापडेल त्याला तो धरून बसतो. काकांनी आधी मोगऱ्याचा रूम फ्रेशनर मारला होता. मोगऱ्याच्या बागेत बसून कुणी सिगरेट ओढावी, तसा वास झाला. मग पेंटर बोलावून थेट रंग दिला. पंधरा दिवसांत पांढऱ्या भिंतीवर चहाच्या रंगाचे ओघळ उतरले.

आम्ही आधी छतापासून भिंती धुतल्या. मग डाग आणि वास आत कोंडणारा प्रायमर लावला, त्यावर रंग. एसी उघडून धुतला. पडदे आणि गादी टाकून द्यायला सांगितलं. आरामखुर्चीपाशी काका अडले.

“हिच्यात मी रोज बसायचो हो.”

“म्हणूनच.”

खुर्ची गेली.

रविवारी सावंत पतिपत्नी, सायली आणि बाळ आले. सावंतबाई हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. “येतोय हो वास.”

“बघ! मी काय म्हणत होतो?” वेलची चघळत सावंतसाहेब म्हणाले. ते गाडी पार्क करून शेवटी वर आले होते.

काकांचा चेहरा पडला. “मॅडम, अजून एक हात मारू या?”

माझं डोकंच फिरलं. वास खरंच येत होता. पण जुना वास कुबट असतो, हा ताजा होता. आणि सावंतसाहेब जिकडे वळतील तिकडे तो वळत होता. आता हे सांगायचं कुणी? व्याह्यांच्या अंगाला वास येतो म्हणण्यापेक्षा काकांनी भिंत पाडली असती.

“टेस्टिंग करायचंय,” मी म्हटलं. खिडक्या उघडल्या, सगळ्यांना बाहेर पॅसेजमध्ये काढलं. पंधरा मिनिटांनी सावंतबाईंना एकट्यांना आत घेतलं.

“आता नाहीये,” त्या म्हणाल्या.

सायली बाळाला घेऊन आली. तरी नाही. काका आले. नाही.

“साहेब, या.”

“मला कशाला? माझा विश्वास आहे तुमच्या कामावर.”

“अहो, या ना,” बाई म्हणाल्या.

ते आले. बाईंनी त्यांच्या शर्टाचा वास घेतला.

“तुम्ही तर लग्नाआधीच सोडलीत ना?”

साहेबांना अचानक खिडकीबाहेरचं बरंच काही बघायचं होतं. बाईंनी सायलीकडून बाळ घेतलं आणि काकांच्या हातात दिलं. “नात इथेच राहील. हे भेटायला येतील तेव्हा आंघोळ करून येतील.” काकांना रडू आवरेना. मलाही गलबलून आलं, पण मी स्विचबोर्ड पुसत राहिले.

आठवड्याने फोन आला. “मॅडम, सावंत बोलतोय. तुम्ही गाडीचं काम घेता का? घरी कळू देऊ नका.”

“घेते,” म्हटलं. “पण आधी ओढणं थांबवा. चालू धुरावर आमच्याकडे केमिकल नाही.”

त्यांनी अजून तारीख दिलेली नाही.