काना-मात्रेसकट दोनशे ऐंशी

मी तिसरीपर्यंत शिकलो. पण जेवढं शिकलो तेवढं पक्कं. 'का' हे एक अक्षर आहे, हे मला कोणी शिकवायला येऊ नये. मोबाइल मात्र ते दोन धरतो. क एक, काना दुसरा. मात्रा, वेलांटी, डोक्यावरचं टिंब, सगळं वेगळं मोजतो. दोनशे ऐंशीच्या पुढे गेलं की आकडा लाल होतो आणि पोस्ट जात नाही.

मला एक माणूस शोधायचा होता. लिंबायतच्या कामगारवस्तीतल्या खोलीत नऊ वर्षं आम्हा दोघांत एकच खाट होती. तो पाळीला गेला की मी झोपायचो, मी गेलो की तो. भेट व्हायची ती सात वाजता, कापडाच्या कारखान्यात लूमपाशी, पाळी बदलताना. "भाऊ, भाकर झाकी ठेयेल शे," एवढं बोलून तो कामाला लागायचा. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला भाऊ. नाव कधी विचारलं नाही. गाव तापीकाठचं, एवढंच ठाऊक.

आता पोरगा इच्छापोरला कामाला जातो, सून पर्वत पाटियाला साडीच्या दुकानात. दिवसभर घरात मी आणि पंखा. तीन दिवस बसून लिहिलं. वर माझं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा. मग खोली, खाट, झाकलेली भाकर. तो गोधडीची घडी चौपदरी घालायचा, तेही लिहिलं. ओळखायला उपयोगी पडणार नाही असं एकही अक्षर नव्हतं, आणि तरी आकडा लाल.

संध्याकाळी सुनेनं पाहिलं. "बाबा, अजून नव्वद जास्त आहेत."

"मग तुझ्या मोबाइलला नीट मोजायला सांग."

"मोबाइल तुमचाच आहे."

मी एक वाक्य काढलं. 'चूक माझी होती'. मोकळी जागा धरून तेरा अक्षरं.

"हे का काढलं? कसली चूक?"

"त्यावरून माणूस सापडत नाही. जाऊ दे."

ती गेली नाही. पदराला हात पुसत तिथंच उभी राहिली. मग मला सांगावं लागलं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

आई आजारी म्हणून तो गावी गेला. आठ दिवसांत येतो म्हणाला. वीस दिवस झाले, तेव्हा मी खाटेवर दुसरा माणूस घेतला. महिन्यानं तो गाठोडं घेऊन दारात आला. डोकं भादरलेलं होतं. मी ते पाहिलं. पाहून म्हणालो, "आठ दिवस बोलला होतास. आता जागा नाही." तो म्हणाला, "बरं भाऊ." गोधडीसुद्धा मागितली नाही. नंतर दुसऱ्या कुठल्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, लागला असेल. मी चौकशी केली नाही. मला वाटायचं, त्यानं यावं.

सुनेनं मोबाइल घेऊन पोस्ट पुन्हा वाचली. मग म्हणाली, "ते भाऊ तुम्हाला नावानं ओळखत होते?"

"नाही."

"मग एवढं नाव-गाव कशाला? रेशनकार्ड काढायचंय?"

मला राग आला. बापाचं नाव पुसायचं म्हणजे काय? जेवलो नीट नाही. सकाळी ती दुकानात गेल्यावर मात्र मीच मोबाइल घेतला. आधी जिल्हा गेला, मग तालुका, गाव, आडनाव, बाप, शेवटी मी. तेरा अक्षरं परत घातली. आकडा काळा झाला. पोस्ट टाकली.

चार-पाच लोकांनी खाली विचारलं. 'काका, तुमचं नाव काय?' 'कुठले तुम्ही? असं कसं कळणार?' एकानं फोटो मागितला. मी उत्तर दिलं नाही. ज्याला ते लिहिलंय त्याला नावाचा काय उपयोग? आणि इतरांशी मला बोलायचं नाही.

त्याचं अजून काही आलेलं नाही. सून कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी माझा मोबाइल उचलते, बघते आणि जागेवर ठेवते. मी झोपलोय, असं तिला वाटतं. मी नुसते डोळे मिटून पडलेला असतो.