गळाला लागलेलं पापलेट

पाचूबंदरात क्लेमेंटला कोणी मच्छीमार म्हणत नाही आणि पाचूबंदराबाहेर त्याला कोणी दुसरं काही म्हणत नाही. हे त्याने कसं जमवलं ते आधी सांगायला हवं. बाप तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या. धाकटा भाऊ एरॉलही तांडेल. क्लेमेंट मात्र लहानपणी एकदाच बोटीवर चढला, जाताना ओकला, येताना ओकला, आणि बापाने त्याला किनाऱ्यावर उतरवून मुकाट्याने शाळेत बसवलं. पुढे तो विरारला पाणीपट्टीच्या कचेरीत चिकटला. लोकांच्या नळाच्या पाण्यावर त्याने अख्खी नोकरी काढली. त्याहून खोल पाण्याशी त्याचा कधी संबंध आला नाही.

पण कचेरीतल्यांना हे कोण सांगणार? पाचूबंदरचा म्हटल्यावर त्यांनी त्याला परस्पर दर्याचा राजा करून टाकलं, आणि नको म्हणायला क्लेमेंट काही संत नव्हता. बापाची वादळं तो आपली म्हणून सांगू लागला. डबा उघडला की "हा काल रात्री काय झुंजला म्हणून सांगू!" इथून सुरुवात. वास्तविक तो मासा त्याची बायको ग्रेसी हिच्या टोपलीत दिवसभर गिऱ्हाइकाची वाट पाहून दमलेला असायचा.

या गोष्टींचा सगळ्यात भाबडा श्रोता म्हणजे शेजारच्या टेबलावरचा हरेश्वर. मूळचा कामणचा, भातशेतीवाल्या घरातला, आता चंदनसारला फ्लॅटमध्ये राहणारा. दोघे निवृत्त झाले तरी त्याचा एकच धोशा, "क्लेमेंट, एकदा ने रे खोल पान्यात." क्लेमेंटने कधी वाऱ्याचं कारण काढलं, कधी अमावास्येचं, कधी मासेमारीच्या बंदीचं. पण नाताळच्या जेवणाला हरेश्वर घरी आला आणि क्लेमेंटच्या जावयाने, रायनने, एरॉलला सरळ विचारून येणारा शनिवार पक्का करून टाकला. जावई कंप्युटरवाला, त्याला सगळं पटकन लागतं.

क्लेमेंटची झोप उडाली. वय झालेल्या माणसाकडे दुसरं असतं काय? क्लेमेंटकडे ही एवढी एक कीर्ती होती, आणि ती आता हरेश्वरसमोर बोटीच्या काठावरून ओकून टाकायची वेळ आली होती.

शनिवारी पहाटे तो एरॉलला बाजूला घेऊन म्हणाला, "आज तांडेल मी. तू नुसता हात चालवायचा."

"बरं, दादूस."

क्लेमेंटने पिशवीतून बर्फाच्या पाण्याने ओलं झालेलं मोठं पापलेट काढलं. ग्रेसीच्या मासळीच्या पेटीतून तिच्या नकळत उचललेलं. "हे हरेश्वरच्या गळाला लाव. गुपचूप."

एरॉलने पापलेटाकडे पाहिलं, मग भावाकडे. "दादूस, पापलेट गळाला लागत नाय. ते जाळ्यात येतं."

क्लेमेंटला हे जन्मात पहिल्यांदा कळत होतं. "मना म्हायती हाय," तो म्हणाला. "पन हरेश्वरला दुसरा मासा ओळखता येत नाय."

बोट सुटली. हरेश्वर आणि त्याची बायको जिजा लाइफ जॅकेट घालून एकमेकांचे हात धरून बसले. क्लेमेंटची मुलगी ज्युलिएट आणि रायन यांनी फोन बाहेर काढले. आणि ऐन वेळी ग्रेसीही चढली. जन्मभर मासे विकले, पण मासे येतात कुठून ते कधी पाहिलं नाही, म्हणाली. तिला कोण अडवणार!

जेट्टी दिसत होती तोवर क्लेमेंट कमरेवर हात ठेवून उभा होता. "डावीकडे घे! जरा हळू!" एरॉल प्रत्येक हुकमाला मान डोलवी आणि स्वतःला हवं तिकडे बोट नेई. किनारा पुसट झाला, लाटा लांब आणि जाड झाल्या, तसा क्लेमेंट बसला. घशाशी सकाळचा चहा आला. तो त्याने गिळला आणि "दर्या आज शांत हाय" असं जाहीर केलं.

"हा शांत?" हरेश्वर पांढऱ्या ओठांनी म्हणाला.

इंजिन बंद करून गळ सोडले. रायनने सेल्फीसाठी सगळ्यांना पुढच्या टोकाला बोलावलं, तेवढ्यात एरॉलने मागे आपलं काम उरकलं.

"हरेश्वर, ओढ! लागलाय!" क्लेमेंट ओरडला.

हरेश्वरने ओढलं आणि दर्यातून चकचकीत पापलेट वर आलं. जिजाने टाळ्या पिटल्या. रायन व्हिडिओ काढत ओरडू लागला. ग्रेसीने मात्र पापलेट हातात घेतलं. ते दर्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी गार होतं. तिने कल्ला उचलून पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. क्लेमेंटचा जीव अर्धा झाला.

"कसं हाय, वयनी?" हरेश्वरने विचारलं.

ग्रेसीने मासा उंच धरला आणि बाजारातल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "एकदम ताजं! आत्ताच आलंय!"

क्लेमेंटला तिचे पाय धरावेसे वाटले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई काय चीज आहे ते त्याला आज उमगलं. कीर्ती वाचली, आता घरी जायचं.

"चला, झालं! एरॉल, फिरव बोट."

"फिरव काय?" हरेश्वर म्हणाला. "एक माझं झालं. जिजाचं व्हायला पाह्यजे, पोरांचं व्हायला पाह्यजे. जागा बरोबर घावलीय. तुझ्यासारखा मानूस बरोबर असताना रिकाम्या हाती कोन जाईल?"

"डॅडी, अजून एक तरी!" ज्युलिएट म्हणाली.

एरॉलने बिडी शिलगावली. "तांडेल सांगेल तसं," तो साळसूदपणे म्हणाला.

मग बोट तिथेच डुलत राहिली. वर जायची, खाली यायची, मधेच कुशीवर कलायची. उन्हं चढली. डिझेलचा वास तसाच कोंडून राहिला. पापलेट काही येईना, ते येणारही नव्हतं, आणि ते आल्याशिवाय कोणी परतणार नव्हतं. क्लेमेंटने डोळे मिटून सगळ्या संतांना हाका मारल्या. शेवटी त्याला कळून चुकलं की ओकारी किंवा खरं, दोन्हींपैकी एक काहीतरी आता तोंडातून बाहेर पडणार.

"ते पापलेट ग्रेसीच्या पेटीतलं हाय!" तो ओरडला. "पापलेट गळाला लागतच नाय. मी तांडेल नाय, कधी नव्हतो. वादळं बाबाची. मना बोट लागते, हरेश्वर. लय लागते."

रायनने फोन खाली केला. एरॉल बिडी विझवून चाकाकडे वळला.

हरेश्वरचा चेहरा एकदम वाकडा झाला.

"मेल्या, आधी सांगायचं ना!" तो कसाबसा म्हणाला. "जेट्टी सोडल्यापासून ओकारी दाबून धरलीय मी. दर्याचा राजा समोर बसलाय, त्याच्यासमोर कशी काढू?"

एवढं बोलून तो काठावर ओणवा झाला. त्याच्या शेजारी क्लेमेंटही ओणवा झाला. दोघांनी मन मोकळं केलं. ग्रेसीने मागून एका हाताने नवऱ्याची कॉलर धरली, दुसऱ्या हाताने हरेश्वरचं जॅकेट, आणि दोघांना शिव्या घालू लागली. त्यातल्या बहुतेक पापलेटाबद्दल होत्या, कारण ते एका गिऱ्हाइकाला शब्द देऊन ठेवलेलं होतं.

क्लेमेंटला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. दोन उमाळ्यांच्या मधे श्वास घेत त्याने हरेश्वरला विचारलं, "बरं वाटतंय?"

"वाटतंय," हरेश्वर म्हणाला. "तू सरक जरा तिकडं."